सहा तारा, बारा स्वर

एके काळी संगीताची आवड असलेल्या मराठी घरात बाजाची पेटी हटकून असे. आज तिच्या शेजारी, आणि कित्येक घरांत तिच्या जागी, गिटार आलेली दिसते. शिलाँगच्या टेकड्यांपासून गोव्याच्या किनाऱ्यापर्यंत तरुण मंडळी या वाद्यावर लुब्ध आहेत. परंतु घरोघरी या वाद्याची कहाणीही बरीचशी सारखीच असते. पहिले सहा महिने उत्साहात जातात, चार-पाच गाणी बसतात. मग गिटार खोळीत जाते आणि खोळ कपाटावर जाते. मुलाने कंटाळा केला, असे वडीलधारी मंडळी म्हणतात. माझ्या मते कंटाळा मागाहून येतो. त्याआधी असे झालेले असते की, बोटांना पाठ दिलेला असतो आणि त्या पाठाचा अर्थ कोणी सांगितलेला नसतो.

हे मी स्वानुभवाने लिहीत आहे. महाविद्यालयात असताना मी गिटारवर एका भावगीताची साथ बसविली होती. कोणते बोट कोणत्या पडद्यावर ठेवावयाचे, हे वहीतल्या आकृत्यांवरून पाठ केले होते. दिवाळीत सारे कुटुंब जमले असता आत्याने ते गीत म्हणावे आणि मी साथ करावी, असे ठरले. आत्याची पट्टी काळी पाच. मला जे येत होते ते पांढरी पाचमध्ये. ती सहज म्हणाली, "अरे, तीन पट्ट्या वर घे." मला ते करता येईना. तिने माझ्या पट्टीत म्हणून पाहिले, पण खालचे स्वर तिच्या गळ्यात बसेनात. अखेर पेटी आणविण्यात आली, आणि गिटार भिंतीला टेकवून मी श्रोत्यांत जाऊन बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याने मला पेटीपुढे बसविले आणि एक वाक्य सांगितले : "पेटीवर बारा पट्ट्या एका ओळीत मांडल्या आहेत, तुझ्या वाद्यावर त्याच सहा ओळींत आहेत. मोजायला शीक." तिने स्वतः गिटार कधी हाती धरली नव्हती. तरीही गिटारच्या शास्त्राचा सारा पाया त्या वाक्यात आला आहे.

दांडीवरील मोजमाप

गिटारच्या दांडीवर धातूचे आडवे पडदे बसविलेले असतात. एका तारेवर एकेक पडदा पुढे गेले, की स्वर पेटीच्या एकेका पट्टीने, म्हणजे अर्ध्या स्वराने चढतो. बाराव्या पडद्यावर तोच स्वर वरच्या सप्तकात मिळतो. सर्वांत जाड तार मोकळी छेडली असता सेकंदाला सुमारे ८२ कंपने होतात. बाराव्या पडद्यावर ती दुप्पट होतात, कारण तेथे तारेची लांबी बरोबर निम्मी झालेली असते.

हे पडदे सारख्या अंतरावर नसतात, हे आपण पाहिलेच असेल. प्रत्येक पडदा उरलेल्या लांबीचा ठरावीक हिस्सा कापतो, म्हणून अंतरे क्रमाने कमी होत जातात. गॅलिलिओचे वडील व्हिन्चेन्झो गॅलिली हे ल्यूट नावाचे तंतुवाद्य वाजवीत. त्यांनी १५८१ सालच्या आपल्या ग्रंथात यासाठी १८ : १७ हे प्रमाण सांगितले, म्हणजे प्रत्येक वेळी उरलेल्या लांबीचा अठरावा हिस्सा कापावयाचा. आज तो हिस्सा १७.८१७ वा धरतात. नेहमीच्या गिटारवर खाचांपासून घोडीपर्यंत तार ६५० मिलिमीटर असते. तिच्यावर जुन्या नियमाने पडदे बसविले, तर बारावा पडदा आपल्या जागेपासून सुमारे अडीच मिलिमीटर अलीकडे पडतो. कानाला तेवढा फरक जाणवतो.

आता तारांकडे वळू. जाड तारेकडून बारीक तारेकडे जाताना त्यांचे स्वर ई, ए, डी, जी, बी, ई असे असतात. सहाव्या, म्हणजे सर्वांत जाड तारेच्या पाचव्या पडद्यावर पाचव्या तारेचा स्वर मिळतो. पुढेही तसेच, मात्र तिसऱ्या तारेवर दुसरीचा स्वर चौथ्याच पडद्यावर सापडतो. हा अपवाद शिकणाऱ्याला त्रास देतो, कारण तो नुसता पाठ करावयास सांगितला जातो. त्याचे कारण साध्या गणितात आहे. सहा तारांमध्ये अंतरे पाच; प्रत्येक अंतर पाच पडद्यांचे ठेवले तर बेरीज पंचवीस होते. दोन सप्तकांचे पडदे चोवीसच. पहिली आणि सहावी तार एकाच स्वरात, दोन सप्तकांच्या अंतराने लागावी म्हणून एका ठिकाणी एक पडदा कमी केला आहे. अशी जुळणी असल्यामुळे हाताला फार न ताणता कॉर्ड पकडता येतात.

शुद्ध सप्तक आणि कॉर्ड

पाश्चात्त्य संगीतातील 'मेजर' सप्तक आपल्या परिचयाचेच आहे. पंडित भातखंडे यांच्या दहा थाटांपैकी बिलावल थाटाचे स्वर ते हेच. कोणत्याही पडद्यावर सा मानावा आणि पुढे दोन, दोन, एक, दोन, दोन, दोन, एक अशी पडद्यांची पावले टाकावीत. सा रे ग म प ध नी सा आपोआप मिळते. हे सात आकडे पाठ झाले की दांडीवर कोठूनही सप्तक काढता येते.

कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजविलेले तीन किंवा अधिक स्वर. सा, ग, प हे एकत्र वाजविले की मेजर कॉर्ड होते. त्यात सा पासून ग चार पडद्यांवर आणि ग पासून प तीन पडद्यांवर असतो. शुद्ध गंधाराच्या जागी कोमल गंधार घेतला, की तीच कॉर्ड 'मायनर' होते आणि तिचा भाव पालटतो. एका पडद्याचा हा फरक आहे. मुलांना तो डोळे मिटून ऐकवून पाहावा.

सा वरची कॉर्ड सा-ग-प, मध्यमावरची म-ध-सा आणि पंचमावरची प-नी-रे. या तिन्ही मिळून सप्तकातील सातही स्वर येतात. म्हणूनच शुद्ध स्वरांवर चालणाऱ्या कित्येक सोप्या चालींना या तीन कॉर्ड पुरतात. पांढरी पाचमध्ये त्यांची नावे जी, सी आणि डी. त्या प्रत्येकीला तीन पडदे वर न्यावे, की बी फ्लॅट, ई फ्लॅट आणि एफ मिळतात. आणि हीच काळी पाच. दिवाळीच्या त्या रात्री मला एवढेच मोजावयाचे होते. 'कॅपो' नावाचा चाप तिसऱ्या पडद्यावर आवळला असता, तर जुन्याच आकृत्यांनी काम भागले असते. परंतु ज्याने मोजलेले नाही, त्याला चाप कोठे लावावा हेही समजत नाही.

दोन्ही हातांची तालीम

शास्त्र कळले म्हणून हात चालतो असे नाही. इटालियन वादक माउरो जुलियानी यांनी १८१२ साली व्हिएन्नात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासक्रमात उजव्या हातासाठी १२० पाठ आहेत, आणि त्या सर्वांत डाव्या हाताला मुख्यतः दोनच कॉर्ड दिल्या आहेत : एक सा ची आणि दुसरी प-नी-रे-म ही पंचमाची. डाव्या हाताची चिंता मिटली, की सारे लक्ष उजव्या हाताकडे देता येते. अंगठ्याकडे जाड तीन तारा आणि तर्जनी, मध्यमा, अनामिका यांच्याकडे बारीक तीन तारांपैकी एकेक, अशी वाटणी ठेवून रोज एक पाठ संथ लयीत वाजविला, तर चार महिन्यांत पूर्ण संच हातून जातो.

तार नखाने छेडावी की बोटाच्या मांसल टोकाने, हा वादही जुना आहे. स्पेनचे फर्नांडो सोर यांनी आपला अभ्यासग्रंथ १८३० साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध केला. ते नखाविना वाजवीत. त्यांचे मित्र दिओनिसिओ आग्वादो नखाने वाजवीत. मतभेद असूनही सोर यांनी दोघांनी मिळून वाजवावे म्हणून एक युगुलरचना केली आणि तिचे नाव ठेवले 'दोन मित्र'. नवशिक्याने नखांची काळजी करू नये. नायलॉनच्या तारांची गिटार घ्यावी; तिच्यावर बोटे कमी दुखतात.

डाव्या हाताची चूक बहुधा एकच असते. बोट पडद्यापासून दूर ठेवतात आणि स्वर स्वच्छ निघेना म्हणून अधिक जोर लावतात. बोट पडद्याच्या लगत, त्याच्या मागच्या अंगाला ठेवावे. मग थोडक्या दाबात काम होते.

आपला हात लहान आहे, बोटे आखूड आहेत, म्हणून निराश होणाऱ्यांनी जँगो राइनहार्ट यांची हकीकत ध्यानात ठेवावी. १९२८ साली राहत्या गाडीला लागलेल्या आगीत त्यांचा डावा हात भाजला आणि अनामिका व करंगळी जवळजवळ निकामी झाल्या. उरलेल्या दोन बोटांसाठी त्यांनी दांडीवरील वाटा नव्याने शोधल्या, आणि १९३४ पासून पॅरिसमधील त्यांच्या वाद्यमेळाने जॅझ संगीतात कीर्ती मिळविली. त्यांना स्वरलेखन वाचता येत नव्हते. म्हणजे शास्त्र आणि कागदावरची चिन्हे ही एकच गोष्ट नव्हे. दांडीवर कोणता स्वर कोठे आहे आणि त्याचे दुसऱ्या स्वराशी नाते काय, हे जाणणे म्हणजे शास्त्र. मग ते कानाने जाणलेले असो की डोळ्यांनी. मात्र आपणां सामान्यांना कागदाचा आधार फार मोलाचा. पोर्तुगीज अमलातील गोव्यात चर्चच्या शाळांत मुलांना वाद्याच्या जोडीने स्वरवाचनाचे पक्के शिक्षण मिळे. गोव्यातून मुंबईस आलेले अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखे वाद्यमेळ संयोजक हिंदी चित्रपटसंगीताचे आधारस्तंभ झाले.

पडद्यांची मर्यादा

आपल्या संगीतावर प्रेम करणाऱ्या वाचकांच्या मनात येथे एक शंका आली असेल. सतारीचे पडदे सरकविता येतात, गिटारचे नाहीत. मग श्रुतींचे काय? शंका योग्य आहे. अर्ध्या स्वराचे शंभर भाग कल्पिले, तर गिटारचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या स्वयंभू गंधारापेक्षा सुमारे चौदा भागांनी चढा असतो; पंचम मात्र दोनच भागांनी उतरता. बाराही पट्ट्यांत सारख्याच सोयीने वाजविता यावे, याची ही किंमत आहे. पेटीवरही हाच आक्षेप होता. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली तिच्यावर घातलेली बंदी १९७१ पर्यंत चालली.

या अडचणीतून भारतीय वादकांनी आपली वाट काढली. गिटार आडवी ठेवून तारेवरून गुळगुळीत कांब सरकविण्याची हवाई बेटांतील पद्धत त्यांनी उचलली. त्यामुळे पडद्यांचे बंधन सुटले आणि मींड साधू लागली. पंडित ब्रिजभूषण काब्रा यांची गिटार १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत संतूर आणि बासरीबरोबर ऐकावी. पुढे पंडित विश्वमोहन भट्ट यांनी गिटारला अधिक तारा जोडून मोहनवीणा घडविली, आणि १९९४ साली त्यांना ग्रॅमी पारितोषिक मिळाले. मर्यादा नेमकी कोठे आहे हे या वादकांना ठाऊक होते, म्हणून ती ओलांडता आली.

रोजचा अर्धा तास

आज फोनच्या पडद्यावर कोणत्याही गाण्यासाठी बोटांच्या जागा क्षणात दिसतात. सोय मोठी आहे, तिचा लाभ अवश्य घ्यावा. मात्र अर्ध्या तासाची विभागणी अशी करून पाहावी : पहिली पाच मिनिटे तारा कानाने जुळविण्यात, दहा मिनिटे उजव्या हाताचा एक पाठ, पाच मिनिटे एकाच स्वराच्या सर्व जागा दांडीवर शोधण्यात आणि उरलेली दहा मिनिटे आवडत्या गाण्यासाठी. आठवड्यातून एकदा तेच गाणे दुसऱ्या पट्टीत वाजवावे. घरात कोणी गाणारे असेल तर त्यांच्यासाठी वाजवावे. गाणाऱ्याचा गळा हा गिटार शिकणाऱ्याचा उत्तम परीक्षक होय.

मला ती परीक्षा पुन्हा देण्याची संधी आठ वर्षांनी मिळाली. निमित्त पुन्हा दिवाळीचे आणि गीतही तेच. मी काळी पाचची तयारी करून बसलो होतो. आत्याने या वेळी पट्टी सांगितली नाही. डोळे मिटून नुसता सा लावला. तो काळी पाचचा नव्हता. मी हळूच शोधला, तेव्हा सहाव्या तारेच्या चौथ्या पडद्यावर सापडला : काळी चार. वयाने तिचा आवाज दोन पडदे उतरला होता. मी चाप तिसऱ्या पडद्यावरून पहिल्यावर आणला, आणि तिने दुसरा श्वास घेण्यापूर्वी पहिली कॉर्ड छेडली. पेटी कोणी मागितली नाही.