सासूबाईंना शिंगणापूरला नेताना

“अगं, एकदा शिंगणापूरला नेऊन आण मला,” असं सासूबाई दोन वर्षं म्हणत होत्या. नगरहून शिंगणापूर ते काय, सुमारे 35 किलोमीटर. (आपलं नगर आता अहिल्यानगर झालं, पण आमच्या तोंडी अजून नगरच.) ह्यांना सुट्टी नाही, मला शाळा, मुलांच्या परीक्षा, असं करता करता राहून गेलं. शेवटी वैशाखातला एक शनिवार गाठला, आणि तिथेच चुकलं.

सासूबाईंचं वय 76. शनिवारचा उपास, म्हणून सकाळी पोटात नुसता चहा. मधुमेहाची गोळी मात्र रोजच्या वेळेला घेतलेली! शिवाय वाटेत सोय असेल-नसेल म्हणून पाण्याचा घोटही नाही. ही खोड आपल्या सगळ्याच बायकांची, बरं का. प्रवासाला निघायचं म्हणजे आधी पाणी बंद. रांगेत उभ्या असतानाच त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. पूजेच्या ताटांच्या दुकानातल्या एका बाईंनी स्वतःची खुर्ची पुढे केली आणि साखरपाणी पाजलं. दहा-पंधरा मिनिटांनी सासूबाई बोलत्या झाल्या. गोळी घेऊन उपाशी राहिलं की रक्तातली साखर झपाट्याने उतरते, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. घाईत सुचलं नाही, एवढंच.

दर्शन त्या दिवशी लांबूनच झालं. परतताना त्या म्हणाल्या, “पाय चालत होते तेव्हा चौथऱ्यावर जायला आम्हां बायकांना मनाई. आता मनाई उठली, तर पाय उठत नाहीत.”

मला काही बोलवेना. खरंच, 2016 च्या एप्रिलमध्ये, मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर, गुढीपाडव्याच्या दिवशी बायकांना चौथरा खुला झाला. पण सासूबाईंच्या वयाच्या बायकांना अडवायला आता एक पायरीसुद्धा पुरते. शिंगणापुरात घरांना चौकटी आहेत, दारं नाहीत, हे आपण लहानपणापासून ऐकतो. म्हाताऱ्या माणसाचं कुठलंही देवस्थान अडतं ते पायरीपाशी, तापलेल्या फरशीपाशी आणि टेकायला जागा नसते तिथे.

शिंगणापूरची गोष्ट तर आणखी वेगळी. इथे देवावर छप्परच नाही. सुमारे साडेपाच फुटांची काळी शिळा ऊन-पावसात उघड्यावर उभी. देवाचं ते व्रत असेल, पण भक्ताला सावली हवीच. दर पन्नास पावलांवर बाक, हाताला धरायला कठडा, तेल सांडतं तिथे पाय न घसरणारी फरशी, अनवाणी पायांसाठी ओलं तरट, आणि उकिडवं बसावं लागणार नाही असं स्वच्छ शौचालय. यात करोडोंचा मामला कुठे आहे? वणीच्या सप्तशृंगी गडावर पाचशेच्या आसपास पायऱ्या. तिथे 2018 पासून फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, आणि ज्यांनी गडाची आशा सोडली होती तीही माणसं आईसमोर जाऊन आली. शिंगणापूर तर सपाटीवरचं गाव.

यात गावाचाही फायदाच आहे. शनिवारी आणि शनी-अमावास्येला मुंगीला शिरायला जागा नसते. निवृत्त माणसांना मात्र वार कुठला बांधलेला? ती मंगळवारी-बुधवारी आली तर गर्दी आठवडाभर वाटली जाईल, ताट विकणाऱ्या बाईचा मधला वारही कोरडा जाणार नाही, पाण्यावर आणि कचऱ्यावर एकाच दिवशी ताण येणार नाही. आणि म्हातारी माणसं घाई करत नाहीत. बसतात, चार गोष्टी विचारतात, नातवंडांसाठी काहीतरी घेतात.

एस.टी.नेही वाट सोपी केली आहे. ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांपुढच्यांना प्रवास मोफत, 65 ते 75 ना अर्धं तिकीट. मार्च 2023 पासून आपल्यालाही अर्धंच. आधार कार्ड तेवढं विसरू नका.

पुढच्या खेपेला मी शहाणी झाले होते. बुधवार, पहाटेची गाडी. सासूबाईंना पोटभर उपमा खायला घालून मगच गोळी दिली. “शनिदेव बुधवारी रागावेल का गं?” असं त्यांनी दोनदा विचारलं. पिशवीत जाड सुती पायमोजे, घडीचं स्टूल, पाण्याची बाटली, खडीसाखर आणि औषधांची नावं लिहिलेला कागद. ऊन चढायच्या आत शिळेसमोर पोचलो. पायऱ्यांशी त्या जरा थबकल्या, मग माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, “राहू दे, इथूनच नीट दिसतंय,” आणि स्टुलावर बसून त्यांनी मनसोक्त दर्शन घेतलं. कुणी हटकलं नाही, कुणी ढकललं नाही.

आधी त्या खुर्चीवाल्या बाईंकडे गेलो. सासूबाईंनी त्यांच्यासाठी घरचे पापड आणले होते, मला पत्ताच नव्हता. मग रस्त्याकडेच्या बैलाच्या चरकावरच्या रसवंतीत टेकलो. “अर्धाच घे, माझ्यासाठी,” त्या म्हणाल्या. ग्लास मात्र भरूनच आला, आणि मी मुद्दाम बैलाकडे बघत बसले.