कडक सॅल्यूट, नाजूक माकडहाड!

फौजी म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? झुपकेदार मिशी, ताठ मान, पहाटेच दहा किलोमीटर धावून आलेला गडी. त्याला कसला आलाय आजार? थांबा मंडळी! या गड्याकडे आजारांचं खास कलेक्शन असतं.

पहिला पॉइंट मात्र त्याचाच. सैनिकांची तब्येत सर्वसाधारण नागरिकांपेक्षा सरस निघते. संशोधकांनी याला नावही दिलंय, 'हेल्दी सोल्जर इफेक्ट'. यात थोडी चीटिंग आहे बरं का! भरतीच्या वेळीच तपासून घेतात, आजारी माणूस गेटवरूनच परत.

आपल्या लष्करात तब्येतीचं प्रगतिपुस्तक एका शब्दात मावतं, माहीत आहे का? 'शेप'! एस म्हणजे मन, एच कान, ए हातपाय, पी एकूण शरीर, ई डोळे. पाचही विषयांत 'एक' मिळाला की गडी 'शेप-वन'. शाळेत हुकलेला पहिला नंबर इथे काढायचा!

आता जरा गंभीर. १८५०च्या दशकात फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी आकडे मांडले आणि साहेबाची झोप उडाली. लढाई नसताना, मायदेशातल्या बराकीत राहणारे ब्रिटिश सैनिक त्याच वयाच्या नागरिकांच्या जवळपास दुप्पट प्रमाणात मरत होते! शत्रू कोण? कोंदट खोल्या आणि घाण. भारतातल्या गोऱ्या सैनिकांचा मृत्युदर तर हजारी ६९.

चला, मूड बदलू. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन फौजेला जीप मिळाली आणि सोबत फ्री गिफ्ट, 'जीप डिसीज'! खडबडीत रस्ता, टणक सीट, तासन्‌तास आदळआपट. माकडहाडापाशी केस कातडीत रुततो, गळू होतं, पू धरतो, बसायची सोय राहत नाही. डॉक्टरी नाव पायलोनिडल सायनस. सुमारे ८० हजार सैनिक यापायी हॉस्पिटलात भरती! बॉम्ब चुकवले, सीट काही चुकवता आली नाही. दिवसभर खुर्चीला चिकटलेल्यांनाही हे गळू गाठतं. लॅपटॉपवाल्यांनो, चुळबुळलात ना?

१८५५ साली प्रशियाच्या एका लष्करी डॉक्टरने नोंद केली की रंगरूटांचे पाय उगाचच सुजतात. ना पडणं, ना मार. पुढे एक्स-रे आला आणि चोर सापडला: चालून चालून पावलाच्या हाडाला गेलेली बारीक चीर. नाव 'मार्च फ्रॅक्चर'. महिना कोणताही चालतो!

कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकन जवानांची हृदयं डॉक्टरांनी तपासली. सरासरी वय २२. तरी ७७ टक्क्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत रोगाच्या खुणा! १९५३ साली हा रिपोर्ट छापून आला. 'हार्टचा त्रास म्हातारपणी' म्हणणारे गप्पच झाले असतील.

फक्त फौजींसाठी असलेली लस ऐकलीय? अमेरिकेत बराकीत दाटीने राहणाऱ्या रिक्रूटांना अ‍ॅडिनोव्हायरसचा ताप धरतो. त्यावर २०११ साली तोंडाने घ्यायची लस मंजूर झाली. सामान्य नागरिकांना ती मिळत नाही. सुई नाही, इंजेक्शन नाही. सैनिकाने गोळी खायची ती अशीही!

आपले जवानही मागे नाहीत. हिमालयात एकदम उंचावर नेलेल्या १,९२५ भारतीय सैनिकांच्या 'माउंटन सिकनेस'वरचा पेपर १९६९ साली थेट 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये झळकला. लेहला उतरल्यावर टूरवाला 'आज नुसतं लोळा' म्हणतो ना? ऐका त्याचं.

आणि आता घरचा आयटम! डोकं फिरलेल्याला इंग्रजीत 'डूलॅली' म्हणतात. शब्द कुठला, माहीत आहे का? आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचा! मुदत संपलेले गोरे सोल्जर बोटीची वाट बघत इथल्या कॅम्पात पडून असायचे. बोटी ठरावीक सीझनलाच. हुकली की बसा महिनोन्‌महिने. काम नाही, घर नाही, वर ऊन, डास आणि दारू. भलेभले बहकायचे. साहेबांनी या दुखण्याला नाव ठेवलं 'डूलॅली टॅप'. टॅप म्हणजे नळ नव्हे हो, आपला ताप! आपली माणसं हवापालटाला ज्या देवळालीत सॅनेटोरियम गाठायची, तिथेच साहेबाचं डोकं सटकायचं.

पुढच्या वेळी गाडी देवळालीला थांबली की शेजारच्या प्रवाशाला हे जरूर ऐकवा. आणि गाडी तिथेच तासभर अडकली, तर मात्र स्वतःला सांभाळा!