गोल भिंत आणि सरळ फळी

सरळ भिंतींच्या खोलींत जमीन घालणें हें मोजमापाचें काम आहे. गोल भिंतीच्या खोलींत तेंच काम विवेकाचें होतें. मुंबईस दादर-माटुंग्याच्या भागांत १९३० नंतर बांधलेल्या ज्या इमारती अद्याप उभ्या आहेत, त्यांपैकीं कित्येकींचे कोपरे व सज्जे वळणदार आहेत. आर्ट डेको पद्धतीचें हें वळण पाहावयास मोठें रम्य. परंतु आंत लॅमिनेटची जमीन घालावयाची वेळ आली म्हणजे यजमानाची व सुताराची खरी परीक्षा होते.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत असाच प्रसंग घडला. घरांत तीन पिढ्या. आजींचे गुडघे दुखरे, म्हणून पायांस गार लागणारी दिवाणखान्याची फरशी झांकावयाची असें ठरलें. सुतार कसबी होता. त्यानें गोल भिंतीला प्रत्येक फळी अशी भिडवून बसविली कीं मध्यें कागदही शिरूं नये. सर्वांनीं वाखाणणी केली. आषाढ लागला आणि खोलीच्या मध्यभागीं जमीन उचलली गेली. त्या उंचवट्याची ठेंच लागून आजी पडल्या. सुदैवानें हाड मोडलें नाहीं. परंतु ज्यांच्यासाठीं हा सर्व खटाटोप, त्यांनींच पुढें कित्येक दिवस त्या खोलींत पाऊल टाकलें नाहीं.

येथें कौशल्य कमी पडलें नव्हतें; तें अस्थानीं खर्च झालें होतें. स्वीडनमधील पर्स्टॉर्प कंपनीनें १९७७ सालीं काढलेली ही जमीन अखंड लाकडाची नव्हे. लाकडाचे बारीक तंतु दाबून केलेला गाभा, त्यावर नक्षीचा कागद व सर्वांत वर राळेचा कठीण थर, अशी तिची घडण. गाभा हवेंतील ओलावा घेऊन फुगतो व कोरड्या दिवसांत आकसतो. शिवाय ही जमीन खालीं चिकटवीत नाहींत; फळ्या एकमेकींत अडकवून सबंध पट नुसता टेकविलेला असतो. (त्यामुळें खालची जुनी फरशी शाबूत राहते, हा लाभही लहान नव्हे.) या पटाला चोहोंकडून ८ ते १० मिलिमीटर फट हवी. ती न दिल्यास फुगलेला पट वर उचलल्यावांचून राहणार नाहीं.

तेव्हां गोल भिंतीपाशीं काम असें करावें. फळ्यांचे गठ्ठे न फोडतां दोन दिवस त्याच खोलींत आडवे ठेवावे, म्हणजे त्यांस तेथील हवा मानवते. नंतर जाड पुठ्ठा भिंतीलगत ठेवून कंपासाचें टोंक भिंतीवरून व पेन्सिल पुठ्ठ्यावरून फिरवावी. फिरवितांना कंपास वळूं देऊं नये. त्याचा रोख आरंभीं ज्या दिशेस असेल त्याच दिशेस शेवटपर्यंत राहिला पाहिजे. पुठ्ठा कापून भिंतीला लावून पाहावा व बिनचूक बसला म्हणजे त्याच्या कडेपासून १० मिलिमीटर आंत दुसरी रेघ काढून तेथें पुन्हां कापावा. हा झाला नमुना. चूक झाली तर पुठ्ठ्यावर होऊं द्यावी. पुठ्ठा स्वस्त, फळी महाग.

जिगसॉची करवत वर येतांना कापते, म्हणून वरच्या बाजूचे टवके उडतात. यास्तव फळी पालथी घालून कापावी. मात्र फळी पालथी घातली कीं नमुनाही पालथा घालावा. हें विसरल्यास वळण उलटें उतरतें व सबंध फळी वायां जाते. भिंत व फळी यांमध्यें काम चालू असतां ज्या पाचरी ठोकल्या असतील, त्या शेवटीं आठवणीनें काढाव्या.

राहिली स्कर्टिंगची पट्टी. ती फटीहून जाड असावी, म्हणजे फट दिसत नाहीं. लाकडी पट्टी वळवावयाची तर तिच्या पाठीला जवळजवळ उभ्या खांचा पाडाव्या व दर्शनी बाजू सुमारें ३ मिलिमीटर शाबूत ठेवावी; वळण जितकें तीव्र, तितक्या खांचा जवळ. जुनी स्कर्टिंग काढावयाची नसल्यास तिच्या पायथ्याशीं पाव-गोल पट्टी मारावी. कोणतीही पट्टी भिंतीला किंवा जुन्या स्कर्टिंगला मारावी. जमिनीला कदापि खिळूं नये.

एक सूचना गृहिणींस. ही जमीन बादलीभर पाण्यानें धुऊं नये. घट्ट पिळलेल्या फडक्यानें पुसावी. न्हाणीघर व जेथें अभिषेकाचें पाणी सांडतें तें देवघर यांत जुनी फरशीच बरी.

उपरोक्त कुटुंबानें पुढें कडेच्या फळ्या काढवून फट ठेवविली व पट्टी नव्यानें बसविली. दुसऱ्या पावसाळ्यांत जमीन जागची हालली नाहीं, आणि आजी पुन्हां त्या गोल खिडकीशीं बसून नातवंडांकडून पाढे म्हणवून घेऊं लागल्या. एका छपराखालीं अनेक माणसें नांदविणारांस वेगळें सांगावयास नकोच: जेथें थोडी मोकळी जागा राखलेली असते, तेथेंच सांधे टिकतात.