तिघं आणि एक कीबोर्ड

महाबळेश्वरच्या एसटी स्टँडवर उतरलं की टॅक्सीवाला 'पॉइंट बघायचेत का?' म्हणत पुढे येतो. केट्स पॉइंट, आर्थर सीट, एलफिन्स्टन, लॉडविक, विल्सन... आधी कुठे जायचं आणि सूर्यास्ताला बॉम्बे पॉइंट कसा गाठायचा, हे त्याला पाठ असतं. हाच हिशेब जरा ताणून बघू. पॉइंट वीस, कुठल्याही दोन पॉइंटांमधलं अंतर माहीत, प्रत्येक ठिकाणी एकदाच जायचं आणि एकूण किलोमीटर कमीत कमी व्हायला हवेत. दर वेळी सर्वांत जवळचा पॉइंट गाठत जावं, असं पटकन सुचतं, पण त्यात शेवटी भलताच मोठा वळसा पडू शकतो. मग सगळेच क्रम तपासायचे का? त्यांची संख्या एकोणीस आकडी भरते. सेकंदाला दहा कोटी क्रम तपासणारा संगणक लावला तरी साडेसातशेहून जास्त वर्षं लागतील.

या जातीच्या प्रश्नाचं मोजक्या सेकंदांत उत्तर काढणारा प्रोग्रॅम लिहा, असं सांगणारी एक स्पर्धा आहे. तिचं नाव इंटरनॅशनल कॉलेजिएट प्रोग्रॅमिंग कॉन्टेस्ट. पोरं तिला आयसीपीसी म्हणतात. टॅक्सीच्या प्रश्नाची मेख अशी, की आतापर्यंत कुठल्या क्रमाने फिरलो हे लक्षात ठेवायची गरजच नसते. कोणते पॉइंट झाले, आत्ता कुठे उभे आहोत आणि इथवर कमीत कमी किती किलोमीटर झाले, एवढं पुरतं. हा धागा धरला की काम सुमारे ४२ कोटी पायऱ्यांवर येतं. म्हणजे काही सेकंद. हेल्ड आणि कार्प यांनी ही रीत १९६२ मध्ये मांडली. आज ती या स्पर्धेच्या तयारीतला नेहमीचा धडा आहे.

स्पर्धेचं मूळ १९७० मध्ये टेक्सासच्या ए अँड एम विद्यापीठात भरलेल्या एका सामन्यात आहे. १९७७ मध्ये अटलांटाला पहिली अंतिम फेरी झाली. तेव्हापासून बरंच बदललं, पण आज एक नियम हट्टाने पाळला जातो: संघात तिघं, वेळ पाच तास आणि संगणक एकच. प्रश्न दहा ते तेरा. आज प्रत्येकाच्या दप्तरात लॅपटॉप असताना तिघांना एका कीबोर्डवर बसवणं वेडेपणाचं वाटेल. माझ्या मते स्पर्धेचा सगळा जीव त्यातच आहे. संगणक दुर्मीळ केला की विचार कागदावर करावा लागतो. एक जण टाइप करत असतो, दुसरा पुढच्या प्रश्नाचा कोड वहीत उतरवत असतो आणि तिसरा आपल्याच फसलेल्या प्रोग्रॅमची छापील प्रत घेऊन पेनाने चूक शोधत असतो. खुर्चीवर बसून स्क्रीनकडे बघत विचार करणाऱ्याला बाकीचे दोघं उठवतात. उठावंही लागतं, मैत्री कितीही असो.

उत्तर पाठवलं की यंत्र ते लपवलेल्या चाचण्यांवर चालवून निकाल देतं. बरोबर असेल तर 'एसी', चूक असेल तर 'डब्ल्यूए', वेळेत संपलं नाही तर 'टीएलई'. कुठे चुकलं ते मात्र सांगत नाही. प्रश्न अखेर सुटला, तर त्याआधीच्या प्रत्येक चुकीच्या प्रयत्नाची वीस मिनिटं संघाच्या वेळेत वाढतात. सुटलेल्या प्रश्नागणिक टेबलाला एक फुगा बांधला जातो, प्रत्येक प्रश्नाचा रंग वेगळा. शेजारच्या पाच टेबलांवर पिवळा फुगा दिसला, की पिवळा प्रश्न सोपा आहे हे आपोआप कळतं. शेवटच्या तासात गुणफलक गोठवतात.

भारतात आधी ऑनलाइन चाळणी होते, मग केरळातलं अमृतपुरी, कानपूर अशा केंद्रांवर प्रादेशिक फेऱ्या. त्यातून वर आलेले संघ पश्चिम आशिया विभागाच्या अंतिम फेरीत भिडतात. वर्चस्व अर्थातच आयआयटी आणि ट्रिपल आयटींचं. पण सांगलीचं वालचंद, कराडचं शासकीय अभियांत्रिकी, साखराळ्याचं राजारामबापू, कुठल्याही कॉलेजातल्या तिघांना प्रश्नपत्रिका तीच मिळते. सरावालाही आता पुण्या-मुंबईला जावं लागत नाही. २००९ मध्ये मुंबईच्या डिरेक्टाय कंपनीने कोडशेफ हे सरावाचं संकेतस्थळ सुरू केलं, रशियातल्या सारातोवहून तसंच कोडफोर्सेस आलं, आणि वसतिगृहाच्या खोलीतून जगाशी खेळता येऊ लागलं.

इथेच मला एक खोट दिसते. हा सराव बहुतेक जण एकेकट्याने करतात: स्वतःचं रेटिंग, स्वतःचे तारे, आणि डोळ्यांसमोर प्लेसमेंटची परीक्षा. त्यात गैर काही नाही, घरी हप्ते असतात. पण अशा तीन हुशार मुलांना ऐन वेळी एकत्र बसवलं, तर तिघंही तोच प्रश्न वाचत बसतात. महिन्यातून दोनदा तरी तिघांनी एका संगणकावर पूर्ण पाच तास काढावेत. त्याला खर्चही काही नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये बाकूला झालेल्या जागतिक अंतिम फेरीच्या वेळी यंत्रांनीही, वेगळ्या व्यवस्थेत, तेच प्रश्न सोडवले. ओपनएआयच्या प्रणालीने बारापैकी बारा, गुगलच्या जेमिनीने दहा. माणसांत पहिल्या आलेल्या सेंट पीटर्सबर्गच्या संघाचे अकरा सुटले. आता कशाला शिकायचं, असं त्यावर काही जण विचारतात. क्रेन आली म्हणून तालमी बंद पडल्या नाहीत.

एका विद्यार्थ्याला जागतिक अंतिम फेरीत जास्तीत जास्त दोनदाच उतरता येतं. त्यानंतर बरेच जण प्रशिक्षक होतात किंवा प्रश्न रचू लागतात. प्रश्न रचणं तो सोडवण्याहून किचकट. बरोबर उत्तराच्या जोडीला मुद्दाम फसवे, संथ, अर्धवट प्रोग्रॅम लिहून ठेवायचे आणि चाचण्यांत त्यातला एकेक पकडला जातो का ते पाहायचं. एखादा निसटला, तर चाचण्या पुन्हा बांधायच्या.