'क्रेटर' : एका शब्दाचे अर्थांतर आणि लोणारचे विवर

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथील सरोवर ज्या वर्तुळाकार खळग्यात साठलेले आहे, त्यास इंग्रजीत 'क्रेटर' असे म्हणतात. या खळग्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आणि खोली सुमारे दीडशे मीटर आहे. त्याच्या उत्पत्तीविषयी गेल्या दोन शतकांत परस्परविरोधी मते मांडली गेली. एका मताप्रमाणे तो ज्वालामुखीच्या स्फोटाचा अवशेष होता, तर दुसऱ्या मताप्रमाणे आकाशातून कोसळलेल्या अशनीच्या आघाताचा व्रण. अखेर पहिले मत मागे पडून दुसरे प्रस्थापित झाले. परंतु या सर्व काळात इंग्रजी नाव मात्र 'क्रेटर' हेच राहिले. उपपत्ती उलटली तरी संज्ञा टिकली, ही गोष्ट वरवर साधी वाटते. तथापि शब्दार्थाच्या अभ्यासकाने तिचा विचार करणे अगत्याचे आहे. कारण संज्ञेत कोणता आशय साठवावा, या पारिभाषिक शब्दरचनेतील मूलभूत प्रश्नाशी तिचा निकट संबंध पोहोचतो.

'क्रेटर' हा शब्द मुळात ग्रीक होय. 'क्राटेर' म्हणजे रुंद तोंडाचे मोठे मिश्रणपात्र. प्राचीन ग्रीक लोक द्राक्षाचे मद्य निर्भेळ पीत नसत. त्यात पाणी मिसळून मगच ते पाहुण्यांना वाढीत. हे मिश्रण ज्या भांड्यात होई, त्याचे हे नाव. शब्दाच्या मुळाशी 'मिसळणे' या अर्थाचा ग्रीक धातू आहे. त्याच धातूपासून 'क्रासिस' हे भाववाचक नाम सिद्ध झाले. ग्रीक व्याकरणात दोन शब्दांमधील स्वरांच्या संयोगास ही संज्ञा लावतात, म्हणजे आपल्या संधीचाच तो एक प्रकार. इंग्रजीतील 'इडिओसिंक्रसी' या शब्दाचे उत्तरपदही हेच आहे. शरीरातील द्रव्यांचे प्रत्येक व्यक्तीच्या ठायी असणारे विशिष्ट मिश्रण, हा त्याचा मूळ भाव. अनेक भाषाशास्त्रज्ञ या ग्रीक धातूचा संबंध वैदिक 'श्रीणाति' या क्रियापदाशी आणि 'आशिर्' या नामाशी जोडतात. सोमरसात दूध मिसळण्याच्या क्रियेसाठी ऋग्वेदात 'श्रीणाति' योजिले आहे, व जे दूध मिसळावयाचे ते 'आशिर्'. म्हणजे ग्रीकांचे मद्यपात्र आणि वैदिकांचा सोमविधी एका समान धातूच्या दोन शाखांवर उभे आहेत, असे म्हणता येते.

भांड्याचे हे नाव भूमीला आणि आकाशाला लागले, ते आकाराच्या साम्यामुळे. सिसिली बेटातील एट्ना पर्वताच्या माथ्यावरील मुखांना 'क्राटेर' म्हणण्याचा प्रघात प्राचीन काळीच पडला होता. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील रोमन कवी ल्युक्रेशियस याने या शब्दाचा उल्लेख करताना तो आपला नव्हे, तर तिकडील लोकांचा असल्याचे आवर्जून सांगितले आहे. टॉलेमीच्या तारकासमूहांपैकी एका समूहाचे नाव याच पात्रावरून पडले असून मराठी ज्योतिषग्रंथांत त्यास 'चषक' म्हणतात. हे दोन्ही प्रयोग शुद्ध लक्षणेचे आहेत. वस्तू कशी दिसते एवढेच तेथे सांगितलेले आहे. ती कशी झाली, याविषयी शब्द मौन पाळतो.

पुढे लॅटिनमधून हा शब्द इंग्रजीत आला आणि तेथे त्याचा अर्थसंकोच घडला. यूरोपीय वाचकास नित्य परिचित असलेली विवरे म्हणजे एट्ना आणि व्हेसुव्हियस यांची मुखे. साहजिकच 'क्रेटर' म्हटले की ज्वालामुखी, असे साहचर्य दृढ झाले. आकाराचे नाव हळूहळू कारणाचे नाव बनले. एडन बंदरातील जुन्या वस्तीला 'क्रेटर' हे नाव मिळाले ते याच अर्थाने. ती वस्ती खरोखरच एका विझलेल्या ज्वालामुखीच्या कुशीत वसलेली आहे. १८३९ पासून १९३२ पर्यंत एडनचा कारभार मुंबईकडून चालत असे, आणि वासुदेव बळवंत फडके यांचा अंत १८८३ साली एडनच्याच बंदिवासात झाला. त्यामुळे हे दूरचे बंदर महाराष्ट्राला अपरिचित नाही.

शब्दातील या नव्या अर्थाचा प्रभाव चंद्राच्या अभ्यासात विशेष दिसून येतो. चंद्रावरील वर्तुळाकार खळग्यांना 'क्रेटर' म्हणण्याची रूढी सामान्यतः जर्मन ज्योतिर्विद श्रोटर याच्या १७९१ मधील ग्रंथापासून मोजतात. नाव एकदा पडल्यावर चंद्रावरील खळगेही ज्वालामुखींचेच असले पाहिजेत, ही समजूत दीर्घकाळ टिकली. तिचे कारण केवळ शब्द हेच होते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. परंतु शब्दाने त्या समजुतीला आधार दिला, हे नाकारता येत नाही.

लोणारची हकीकत या पार्श्वभूमीवर पाहिली पाहिजे. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या सरोवराची नोंद केली, आणि तेव्हापासून ते यूरोपीय शास्त्रज्ञांच्या चर्चेचा विषय झाले. सभोवारचा सर्व प्रदेश बेसॉल्टचा, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्हाचा. अशा प्रदेशात गोल विवर आढळल्यावर ते ज्वालामुखीचे मानले जाणे स्वाभाविक होते. परंतु या मतात एक अडचण पहिल्यापासून होती. विवर ज्या थरांत खोदले गेले आहे त्यांच्याहून ते पुष्कळच अर्वाचीन दिसते. आणि त्याच्या काठावर त्या अर्वाचीन काळातील लाव्हा किंवा राख यांचा मागमूस नाही. काठ सभोवारच्या पठाराहून उंचावलेला आहे, पण तो तेथल्याच जुन्या बेसॉल्टचे थर उचलले जाऊन व फुटलेले खडक बाहेर फेकले जाऊन बनलेला आहे. ही अडचण दूर करण्यासाठी लाव्हाविरहित वाफेच्या स्फोटाची कल्पना पुढे आली. १९१२ साली ला टूश व क्रिस्टी यांनी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या वतीने जे विवेचन प्रसिद्ध केले, त्यातही कारणाचा शोध भूगर्भातच घेतलेला होता.

या संदर्भात अमेरिकन भूशास्त्रज्ञ ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट याचे उदाहरण उद्बोधक आहे. चंद्रावरील विवरे आघाताने झाली, असे प्रतिपादन त्याने १८९३ साली केले होते. तथापि अ‍ॅरिझोनातील विवराची पाहणी करून तो वाफेच्या स्फोटाचा पक्ष स्वीकारून बसला, आणि १८९६ साली त्याने लोणारचीही गणना त्याच वर्गात केली. चंद्रावर जी दृष्टी त्याला लाभली, ती पृथ्वीवर त्याने सोडून दिली. अ‍ॅरिझोनाच्या विवराचे आघातजन्य स्वरूप निःसंशय सिद्ध झाले ते १९६० साली, जेव्हा प्रचंड दाबाखालीच बनणारे कोएसाइट हे गारेचे रूप तेथे आढळले.

लोणारला मात्र ही कसोटी जशीच्या तशी लावणे शक्य नव्हते. कारण बेसॉल्टमध्ये गार सहसा मुळातच नसते. १९६४ साली लाफॉन्ड व डिट्झ यांनी लोणारचे विवर अशनिपाताने झाले असावे काय, असा प्रश्न शास्त्रीय नियतकालिकातून उपस्थित केला. त्याचे निर्णायक उत्तर १९७३ साली फ्रेड्रिकसन, दुबे, मिल्टन व बालसुंदरम् यांच्या निबंधाने दिले. सरोवराच्या तळाखालील वेधनातून वर आलेल्या भग्न खडकांत त्यांना मॅस्केलिनाइट सापडले. बेसॉल्टमधील फेल्स्पार या खनिजावर आघाताचा तीव्र दाब पडला असता ते न वितळताच काचसदृश होते. तेच हे मॅस्केलिनाइट. हा पदार्थ प्रथम ओळखला गेला तो बिहारमधील शेरगोटी येथे १८६५ साली पडलेल्या अशनीत, हा एक सूचक योगायोग होय. ज्वालामुखीत असा दाब उत्पन्न होत नाही. म्हणून या पुराव्याने वाद मिटला. विवराच्या वयाविषयीचे मतभेद मात्र मिटलेले नाहीत. १९९७ मधील एका मापनाने ते सुमारे ५२ हजार वर्षे ठरले, तर २०११ मधील आर्गॉन-पद्धतीच्या मापनाने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे.

याप्रमाणे 'क्रेटर' या शब्दाने आपल्या प्रवासाचे एक वर्तुळ पूर्ण केले. आकारवाचक म्हणून आरंभ, कारणवाचक म्हणून संकोच, आणि पुन्हा आकारवाचक म्हणून विस्तार. आज तो ज्वालामुखीचे मुख, अशनीचा व्रण, तोफगोळ्याने पडलेला खड्डा या सर्वांस सारखाच लागतो. आणि कारण सांगावयाचे असल्यास वेगळे विशेषण जोडावे लागते.

मराठीपुढे हाच प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहतो. या एका इंग्रजी शब्दासाठी मराठीत 'ज्वालामुख' आणि 'विवर' असे दोन पर्याय वापरात आहेत. पहिल्यात कारण गोवलेले आहे. लोणारला 'ज्वालामुख' म्हटले असते, तर १९७३ नंतर ते नाव टाकून द्यावे लागले असते, किंवा खोट्या अर्थासह वागवावे लागले असते. 'विवर' हा शब्द 'उघडणे' या अर्थाच्या 'वि + वृ' पासून आलेला असून 'विवरण' हा त्याचा सहोदर आहे. एक भूमी उघडतो, दुसरा अर्थ उघडतो. कारणाविषयी तो तटस्थ राहतो, म्हणून 'आघात-विवर' आणि 'ज्वालामुखी-विवर' अशी दोन्ही रूपे त्यापासून निर्वेधपणे साधता येतात. या तटस्थतेची गरज लोणारातच पुन्हा भासते. मुख्य विवराच्या उत्तरेस अंबर तळे नावाचा लहान खळगा आहे. तोही आघातजन्य असावा, असे काही संशोधकांनी सुचविले. इतरांना ते मान्य नाही. जेथे कारण अनिर्णीत आहे, तेथे कारण न सांगणारा शब्दच शास्त्राला उपयोगी पडतो.

स्थानिक नावाची दिशा याहून वेगळी आहे. 'लोणार' हे नाव आकारही सांगत नाही आणि कारणही. ते द्रव्य सांगते. संस्कृत 'लवण' यापासून प्राकृत 'लोण' झाले, आणि 'लोणचे' हा मराठी शब्दही त्याच कुळातला आहे. 'लोणी' या शब्दाचा येथे भास होतो. पण ते 'नवनीत' यापासून आलेले असल्याने या कुळात बसत नाही. नावाच्या उत्तरार्धाविषयी दोन शक्यता संभवतात. 'कुंभकार' पासून 'कुंभार', 'सुवर्णकार' पासून 'सोनार', त्या न्यायाने 'लवणकार' पासून 'लोणार' साधते. आणि 'लवणाकर', म्हणजे मिठाची खाण, यापासूनही ध्वनिदृष्ट्या तेच रूप सिद्ध होते. दोहोंतून कोणतीही व्युत्पत्ती घेतली, तरी क्षार हाच नावाचा गाभा राहतो; आणि सरोवराचे तीव्र अल्कधर्मी पाणी पाहता तो यथार्थही आहे. काच व साबण यांस उपयुक्त अशा येथील क्षारांची दखल 'आईन-इ-अकबरी' या सोळाव्या शतकाच्या अखेरच्या ग्रंथातही घेतलेली आहे.

लोकांनी उत्पत्तीचा विचार केला नाही, असे मात्र नव्हे. तो त्यांनी नावात न घालता कथेत घातला. प्रचलित आख्यायिकेनुसार लवणासुर भूमिगत निवासात लपलेला होता. विष्णूने दैत्यसूदनाच्या रूपाने येऊन त्या निवासाचे झाकण पायाच्या अंगठ्याने उडविले आणि दैत्याचा वध केला. लोणारातील दैत्यसूदनाचे मंदिर या कथेची साक्ष देते. कथेत भूशास्त्र शोधणे अप्रस्तुत होय. परंतु कारणाची कल्पना कथेकडे आणि द्रव्याची ओळख नावाकडे, ही वाटणी लक्षणीय आहे. कथा मानणाऱ्याला आणि न मानणाऱ्याला 'लोणार' हे नाव सारखेच चालते.

यावरून पारिभाषिक शब्दांविषयी एक कसोटी हाती येते. संज्ञा रचताना वस्तूचे जे लक्षण प्रत्यक्ष पाहता येते, मोजता येते किंवा चाखता येते, ते नावात ठेवावे; आणि जे अनुमानाने ठरते, ते विशेषणात ठेवावे. अनुमान बदलले तर विशेषण बदलता येते, नाव बदलावे लागत नाही. लोणार सरोवराचा २०२० साली रामसर पाणथळ स्थळांच्या यादीत समावेश झाला, आणि भूशास्त्राखेरीज इतर शास्त्रांच्या परिभाषेतही त्याचे वर्णन होऊ लागले. त्या वर्णनासाठी मराठी शब्द घडविताना, ग्रीक मद्यपात्राचे नाव लोणारच्या काठावर दीडशे वर्षे कोणत्या गैरसमजाचे वाहन झाले होते, हे स्मरणात ठेवणे हिताचे ठरेल.