हाकेला ओ देणारे

संकट कधी सांगून येत नाही. ते आले म्हणजे आपण मदतीसाठी हाक मारतो. पण ती वेळेवर ऐकणारा कोणी नसेल, तर अग्निशामक दल जवळ असूनही काय उपयोग?

नोव्हेंबर १९३५ मध्ये लंडनच्या विंपोल स्ट्रीटवरील एका घराला आग लागली. शेजारच्या एका गृहस्थांनी तत्काळ दूरध्वनी उचलला. परंतु निकडीची हाक आणि नित्याचे बोलणे यांतील भेद ओळखण्याची सोय त्या काळी टेलिफोन केंद्रात नव्हती. ते गृहस्थ रांगेतच तिष्ठत राहिले. त्या आगीत पाच स्त्रियांचा अंत झाला. गृहस्थांनी ही हकिकत वृत्तपत्राला कळविली. सरकारने चौकशी समिती नेमली. आणि ३० जून १९३७ रोजी लंडनमध्ये ९९९ हा क्रमांक सुरू झाला. तो फिरविताच केंद्रात तांबडा दिवा लागे व भोंगा वाजे. मग ऑपरेटर प्रथम तीच हाक घेई.

दिवा आणि भोंगा केवळ सावध करतात; साहाय्य करतो तो माणूस. संकटात सापडलेली व्यक्ती रडते, ओरडते, कधी स्वतःचा पत्ताही विसरते. मदतकेंद्रातील कर्मचारी तिला धीर देतो, ठिकाण विचारून घेतो आणि वाहन धाडण्याची व्यवस्था करतो. वाहन पोचेपर्यंत रुग्णाची छाती कशी दाबावी, हेही कित्येक देशांतील कर्मचारी दूरध्वनीवरून समजावून देतात. रुग्ण पुढे वाचला की नाही, हे मात्र त्यांना बहुधा कळतही नाही.

आपल्या देशात पोलिसांसाठी १००, अग्निशामक दलासाठी १०१ असे निरनिराळे क्रमांक लक्षात ठेवावे लागत. ही अडचण दूर व्हावी म्हणून २०१८ पासून ११२ हा एकच क्रमांक राज्याराज्यांत सुरू होऊ लागला. महाराष्ट्रात तो २०२१ मध्ये आला.

आग विझविणारा जवान सर्वांना दिसतो; हाक ऐकणारा कोणालाच दिसत नाही. म्हणून अमेरिकेत एप्रिलचा दुसरा आठवडा या कर्मचाऱ्यांच्या गौरवार्थ पाळतात. ही प्रथा १९८१ मध्ये कॅलिफोर्नियातील एका शेरीफच्या कचेरीत सुरू झाली.

मुलांनो, त्यांचा गौरव तुम्हांलाही करता येईल. प्रसंग आलाच तर प्रथम ठिकाण स्पष्ट सांगा व विचारलेल्या प्रश्नांची शांतपणे उत्तरे द्या. थट्टेने तो क्रमांक कधीही फिरवू नका. थट्टेची एक हाक खऱ्या हाकेची वाट अडविते. आणि वाट अडली म्हणजे काय घडते, हे विंपोल स्ट्रीटने जगाला दाखविले आहे.