एका लॅपटॉपात अख्खं ऑफिस!

राउटर, सर्व्हर, फायरवॉल आणि दोन-चार क्लायंट, सगळं एकाच टेबलावर. व्हर्च्युअल मशीनच्या घरगुती नेटवर्क लॅबबद्दल सात चटपटीत गोष्टी, खास कळवेकरांसाठी.

कळव्याहून ठाणे-बेलापूर रस्ता धरला की विटावा, दिघा मागे टाकत ऐरोली येतं. ऐरोली-रबाळे-महापे पट्ट्यात डेटा सेंटर्स उभी आहेत. त्यांच्या आत जायला पास लागतो, पण तिथलं काम शिकायला कुणाची परवानगी लागत नाही. ८ जीबी रॅमचा लॅपटॉप, व्हर्च्युअलबॉक्ससारखं फुकट सॉफ्टवेअर आणि भरपूर चिकाटी, एवढ्यावर वन-रूम-किचनमध्येही लॅब उभी राहते.

१. कल्पना साठीच्या घरातली
एका यंत्रात अनेक यंत्रं चालवण्याची युक्ती क्लाउडच्या कितीतरी आधीची. आयबीएमच्या केंब्रिज केंद्रात १९६७ साली सीपी-४० ही प्रणाली एकाच संगणकावर १४ व्हर्च्युअल मशीन चालवत होती आणि प्रत्येकीच्या वाट्याला मेमरी होती २५६ केबी! साध्या पीसीवर ही सोय आणली ती व्हीएमवेअरने, १९९९ मध्ये.

२. पावणेदोन कोटींच्या आसपास पत्ते, एक पैसा न देता
खासगी नेटवर्कसाठी आयपी पत्त्यांचे तीन गट १९९४ पासून राखून ठेवलेले आहेत. त्यातल्या १० ने सुरू होणाऱ्या एकट्या गटात १,६७,७७,२१६ पत्ते आहेत. घरच्या राउटरवर दिसणारा १९२.१६८ हाही या तिघांतलाच एक गट, आणि त्यात ६५,५३६ पत्ते मावतात. हे पत्ते बाहेरच्या इंटरनेटवर चालत नाहीत, म्हणून ते जगभर घरोघरी पुन्हा पुन्हा वापरता येतात.

३. दोघांचा पत्ता एकच!
व्हर्च्युअलबॉक्समध्ये दोन मशीन बनवा, नेटवर्कची सेटिंग आहे तशीच ठेवा आणि पत्ते तपासा. दोन्हीकडे १०.०.२.१५! दोघांना इंटरनेट मिळतं, पण एकमेकांचा पत्ताच लागत नाही, कारण प्रत्येक मशीन स्वतःच्या वेगळ्या नॅटमागे (आतला पत्ता बाहेर जाताना बदलून देणाऱ्या यंत्रणेमागे) बसलेलं असतं. ‘इंटर्नल नेटवर्क’ निवडा आणि पत्ते स्वतः द्या, की दोघं एकमेकांशी बोलू लागतात. नवशिके सर्वात आधी इथेच अडतात आणि नॅट म्हणजे काय, हेही त्यांना इथेच पक्कं कळतं.

४. रॅमचं गणित
ग्राफिकल डेस्कटॉप नसलेलं हलकं लिनक्स २५६ ते ५१२ एमबीमध्ये चालतं. मूळ सिस्टिमला निम्मी रॅम ठेवली तरी ८ जीबीत पाच-सहा छोटी मशीन सहज बसतात. मशीन सुरूच होत नसेल, तर बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद तर नाही ना, ते आधी पाहा. रॅम वाढवायचीच असेल, तर ग्रँट रोडचा लॅमिंग्टन रोड आहेच.

५. फोटोला चौदा मिनिटं
भारतात शैक्षणिक इंटरनेटचा पाया घालणारा अर्नेट प्रकल्प १९८६ मध्ये सुरू झाला. आयआयटी मुंबई आणि जुहूची एनसीएसटी या संस्था त्यात होत्या. त्या काळातल्या लीज्ड लाइनचा वेग होता सेकंदाला ९.६ किलोबिट. लिनक्समधली ‘टीसी’ ही कमांड वापरून तुमच्या व्हर्च्युअल लाइनचा वेग तेवढाच करा आणि १ एमबीचा फोटो पाठवा. पोहोचायला जवळपास १४ मिनिटं लागतील! त्या मंडळींनी किती मोठं काम केलं, ते अशा वेळी उमगतं.

६. कळवा-पडघ्याचा धडा
१२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ आठवते? मुंबई-ठाण्याची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. तत्कालीन ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी सांगितलेलं कारण असं: ४०० केव्ही कळवा-पडघा केंद्रात सर्किट १ देखभालीसाठी बंद होतं, सगळा भार सर्किट २ वर होता आणि नेमका तिथेच बिघाड झाला. नेटवर्कचं दुखणंही हेच. दोन व्हर्च्युअल राउटर उभे करा, पिंग (पलीकडचं मशीन उत्तर देतंय का, याची चाचणी) सुरू ठेवा आणि एक राउटर बंद करा. दुसऱ्याने भार उचलला? आता पहिला ‘देखभालीत’ असताना दुसराही पाडा. पर्यायी मार्ग असणं आणि तो ऐनवेळी मोकळा असणं यातला फरक लगेच कळेल. मोडण्याआधी स्नॅपशॉट, म्हणजे मशीनच्या स्थितीची जतन केलेली नोंद, घेतलेला असला, की सगळं काही मिनिटांत पूर्ववत.

७. हल्ला करा, पण स्वतःवरच
परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात अप्रामाणिक हेतूने शिरणं हा आयटी कायद्याच्या कलम ६६ खाली गुन्हा आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. शेजारच्यांचं वायफाय म्हणजे सरावाचं मैदान नव्हे! एका मशीनवर सुरक्षा चाचणीसाठीचं काली लिनक्स आणि दुसऱ्यावर मुद्दाम कमकुवत बनवलेलं मेटास्प्लॉइटेबल घ्या, दोन्ही इंटर्नल नेटवर्कमध्ये कोंडा आणि मनसोक्त सराव करा.

आज रात्रीचा प्रयोग
तीन लिनक्स मशीन घ्या. दोन टोकांना दोन, वेगवेगळ्या नेटवर्कात. मधल्याला दोन नेटवर्क कार्ड द्या आणि टोकांच्या मशीनवर तेच गेटवे म्हणून नोंदवा. पिंग करा, उत्तर येणार नाही. आता मधल्या मशीनवर ‘आयपी फॉरवर्ड’ या सेटिंगमधला ० खोडून १ लिहा. पुन्हा पिंग करा. उत्तर आलं, म्हणजे तुमचा पहिला राउटर तुम्ही स्वतः बनवलात!